‘हम’ म्हणजे किती जण

विनीताच्या हिंदीला लखनौत आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. नवऱ्याची, उल्हासरावांची, रेल्वेतली बदली झाशीहून इथे झाली तेव्हा ऋषभ कडेवर होता, आणि आता ऋषभची मुलगी नेत्रा शाळेत जाऊ लागली होती. मधल्या काळात भाजीवाल्याशी घासाघीस, गॅसवाल्याशी वाद, पालकसभेत उठून चार शब्द, सगळं तिने त्याच हिंदीवर निभावलं होतं. त्या हिंदीतल्या दोन शब्दांचे अर्थ मात्र मराठीच राहून गेले होते. ते दोन्ही शब्द शनिवारी सकाळी, भेंडी पुसता पुसता, एकाच दमात तिच्या तोंडून बाहेर पडले.

“गरिमा,” ती सुनेला म्हणाली होती, “अब हमको थोड़े दिन संसार से छुट्टी चाहिए. हम समुंदर के पास जा रहे हैं. जाने का टिकट हो गया, आने का अभी नहीं हुआ.” आणि मग, स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर टाकून, “अभी किसी को बताना मत.”

त्यानंतर तिने गरिमाला कपाटाच्या किल्ल्यांची जागा दाखवली, मोठ्या कुकरचं झाकण कसं जरा उचलून बसवावं लागतं ते शिकवलं, आणि वन्संच्या गोळ्यांमधली पांढरी सकाळची आणि गुलाबी रात्रीची हे दोनदा म्हणवून घेतलं.

मराठी कानाला यात काही वावगं वाटायचं कारण नाही. संसार म्हणजे कुकर, धोबी, दूध, वन्संच्या गोळ्या. त्यातून थोडे दिवस सुट्टी मागणं म्हणजे साधी रजा टाकणं. पण गरिमा लखनौची, श्रीवास्तवांच्या घरातली. तिच्या भाषेत संसार म्हणजे अख्खं जग, आणि जगातून सुट्टी घेणाऱ्या माणसाने आधी किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या तर तिने काय समजावं? शिवाय ते ‘हम’. विनीता ‘हम’ म्हणाली ती ‘आम्ही दोघं’ या अर्थाने. लखनौचा माणूस ‘हम’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक एकटाच असतो.

गरिमाने हे ओझं शनिवारची रात्र कसंबसं वागवलं. रविवारी दुपारी तिने जानकीपुरमला फोन लावला; तिथे नणंद अनघा आणि तिचा नवरा श्रीरंग राहत.

संध्याकाळी विनीता बाजारातून परतली ती दशहरी आंब्यांची पिशवी घेऊन. जून अर्धा सरला होता तरी गरम वाऱ्याची लू थांबली नव्हती. विकास नगरच्या गल्लीत दिवे लागायची वेळ आली तरी भिंतींना हात लावता येत नव्हता. फाटकाशी अनघाची स्कूटी उभी होती. अनघा रविवारी कधी येत नसे. विनीता आत आली, तर ऋषभ उठला आणि त्याने तिच्या हातातून पिशवी घेतली.

विनीता घाबरली.

“कुणाचं काय झालं?” तिने विचारलं.

“कुणाचं काही नाही, आई. तू बस ना आधी,” ऋषभ म्हणाला.

“बाबा कुठे आहेत?”

“बाबा ठीक आहेत. चारबागला गेलेत ना, त्यांच्या रिटायर्ड लोकांच्या मीटिंगला. तूच तर डबा दिलास.”

हे खरं होतं. विनीता कूलरसमोरच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची एरवी लीलावतींची; उल्हासरावांच्या या थोरल्या बहिणीने केंद्रीय विद्यालयात गणित शिकवण्यात जन्म काढला होता, आणि कूलरचा झोत नेमका कुठे पडतो हे त्या बरोबर हेरत. आज त्यांनी ती खुर्ची आपणहून रिकामी ठेवली होती आणि पलीकडे कॉटवर बसून त्या वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं सोडवत होत्या. म्हणजे तसं दाखवत होत्या. गरिमाने कैरीचं पन्हं आणून दिलं आणि विनीताच्या नजरेला नजर न देता ती दाराला टेकून उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

अनघा सरकून जवळ बसली.

“आई, तुला हल्ली झोप लागते का गं?”

“लाइट असले तर लागते.”

“नाही, म्हणजे… मन लागतं ना घरात?”

“अनघा, तू डॉक्टरांसारखं काय विचारतेयस?”

“मी विचारतो,” ऋषभ म्हणाला. तो घसा खाकरून पुढे झाला. “आई, देख, आमच्यापैकी कुणाचं काही बुरा लगा हो तो बोल दे. मी उद्यापासून माझा चहा मी करून घेईन. सच में.”

“तुला चहा करता येतो?”

“शिकेन ना यार. चहाचं काय एवढं?”

“मग आजवर का नाही शिकलास?”

ऋषभने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने वहिनीकडे. कॉटवरून लीलावतींनी पेन्सिल खाली ठेवली.

“तुम्ही दोघं आडवळणं घेत बसाल, आणि जेवायची वेळ होईल,” त्या म्हणाल्या. “विनीता, सरळ विचारते. तू संन्यास घेते आहेस का?”

“कशाचा?”

“संन्यास कशाचा असतो? सगळ्याचा.”

“वन्सं, मी विशाखापट्टणमला चाललेय.”

लीलावतींनी चष्मा काढला.

“मी तुम्हाला म्हणत होते,” त्या बाकीच्यांना म्हणाल्या. “संन्यास घ्यायला कुणी विशाखापट्टणमला जात नाही. हरिद्वार जवळ पडतं.”

तेवढ्यात गरिमाला रडू फुटलं. “आपने ही तो कहा था, आई. हमको संसार से छुट्टी चाहिए. और आने का टिकट नहीं किया. और चाबियाँ. और किसी को बताना मत. हम रात भर सोए नहीं.”

विनीता तिच्याकडे बघत राहिली. आपलंच वाक्य आपल्याला परत ऐकवलं जातंय, शब्द तेच आहेत, आणि तरी ते कुणा भलत्याच बाईचं वाटतंय, असं तिला झालं. पहिल्यांदा उलगडा झाला तो अनघाला. लहानपणापासून दोन्ही भाषांत वाढलेली ती. तिने कपाळावर हात मारला.

“आई, हिंदीत संसार म्हणजे दुनिया गं.”

“मग आपल्या संसाराला काय म्हणतात?”

“गृहस्थी. घर-गृहस्थी.”

“हे मला इतकी वर्षं कुणी का नाही सांगितलं?”

“तू कधी सुट्टीच नाही मागितलीस,” अनघा म्हणाली, आणि आपण काय बोललो हे मग तिच्या लक्षात आलं.

लीलावती मात्र वेगळ्याच विचारात पडल्या होत्या. “मी पेन्शनवर आले आणि तुमच्याकडे राहायला आले, तेव्हा शेजारच्या मिश्राइनला मी सांगितलं होतं, हमारा संसार अब खतम हो गया. भांडीकुंडी वाटून टाकली, त्या अर्थाने. मग ती महिनाभर माझ्यासाठी रोज पातळ खिचडी घेऊन यायची. मी म्हणायचे, बाई किती प्रेमळ.”

ऋषभ हसायला लागला. त्याच्यामागून अनघा, आणि शेवटी डोळे पुसत गरिमाही.

“और वो ‘हम’?” गरिमाने विचारलं. “आपने कहा, हम जा रहे हैं.”

“हम म्हणजे आम्ही. मी आणि हे. दोघं.”

“हमारे यहाँ तो हम मतलब…” गरिमाने तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. “हम.”

उल्हासराव आले ते या हसण्यात. हातात रिकामा डबा, शर्ट पाठीला चिकटलेला. काय चाललंय ते त्यांना तिघांनी एकाच वेळी सांगितलं, त्यामुळे समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. हे गुपित शेवटच्या आठवड्यापर्यंत राखायचं असं दोघांनी ठरवलं होतं. विनीताने खांदे उडवले.

“बाबा, छुपे रुस्तम निकले,” ऋषभ म्हणाला. “किती दिवस?”

“सहा,” उल्हासराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “यायचं तिकीट वेटिंगला आहे, होईल ते.”

“कुणी सुचवलं? आईने?”

“दोघांनी मिळून,” ते म्हणाले. विनीताला हे आवडलं, कारण ते खरं नव्हतं. सुचवलं होतं तिने, एका दुपारी, लाइट गेलेले असताना. आणि ते नुसतं ‘हं’ म्हणून दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आले होते.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्यानंतर. आई संन्यास घेत नाही, आई समुद्रावर चालली आहे, या आनंदात ऋषभने फोन काढला.

“यार, मग सगळेच जाऊ ना. नेत्राची शाळा जुलैत उघडते. नानीकडून तिला परवा आणतो. एकदम फॅमिली ट्रिप.”

“माझी रजा पडूनच आहे,” अनघा म्हणाली. “श्रीरंगला विचारते. तोही हाँ म्हणेल.”

“समुद्र मी गुडघ्यांमुळे लांबूनच बघेन,” लीलावती म्हणाल्या, “पण तिथे जवळच सिंहाचलम आहे. नृसिंहाचं दर्शन होईल. उल्हास, पायऱ्या किती असतात रे?”

“बाबा, तुमची गाडी कुठली? मी बर्थ बघतो.”

सगळ्यांनी उल्हासरावांकडे पाहिलं. विनीतानेही. उल्हासराव डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, “बघू. जमेल तसं.”

हे शब्द विनीताला पाठ होते. लग्न झाल्यावर कन्याकुमारीला जायचं ठरलं तेव्हा ते असंच म्हणाले होते, आणि सासूबाई बरोबर आल्या होत्या. सोमनाथला वन्सं आणि त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या. गोव्याला ऋषभचे कॉलेजमधले मित्र; त्या सहलीत ती आणि उल्हासराव एकाच फोटोत आले आहेत खरे, पण एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, मध्ये अख्खी रांग. यातल्या कुणावर तिचा राग नव्हता. सगळी तिचीच माणसं होती, आणि प्रत्येक सहलीत ती मनापासून हसलीही होती. फक्त नवरा तेवढा कुठल्याच सहलीत सापडला नव्हता.

ती उठली, आंब्यांची पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. मोठं पातेलं नळाखाली धरून एकेक आंबा पाण्यात सोडत राहिली. गरिमा मागोमाग आली.

“आई, सॉरी. हमने पूरे घर में हल्ला कर दिया.”

“तुझं काय चुकलं? मी बोलले तेच तू ऐकलंस.”

“अब सब चल पड़ेंगे.”

“हो.”

गरिमाने देठाजवळचा चीक एका आंब्यावरून अंगठ्याने पुसला. “एक बात पूछें? नाराज़ तो नहीं होंगी? जाना क्यों था? सच में.”

विनीता सहज म्हणाली असती, हवापालटासाठी. पण ही मुलगी तिच्या एका वाक्यापायी रात्रभर जागली होती. तिला काहीबाही सांगून वाटेला लावणं बरं नव्हतं. विनीताने हिंदी शब्द या वेळी एकेक पारखून घेतले.

“मुझे,” ती म्हणाली, “मुझे देखना है कि बीच में कोई नहीं हो, तो ये और मैं क्या बात करते हैं. इस घर में हम दोनों क्या बोलते हैं, मालूम है? दूध आया क्या. वन्सं ने दवा ली क्या. इन्व्हर्टर का पानी देखो. तुम लोग के बारे में बोलते हैं, दिन भर. उसके आगे का मुझे मालूम ही नहीं.”

“डर लगता है?”

“थोडं लागतं,” विनीता मराठीत म्हणाली.

“और वहाँ जा के कुछ बात ही न निकली तो?”

“तो समुंदर है ना. उसकी आवाज़ चलती रहेगी. लगेगा नहीं कि चुप बैठे हैं.”

गरिमा हसली आणि पदर सावरावा तशी ओढणी सावरत म्हणाली, “हम बोल दें ऋषभ को?”

“नको. तू बोललीस की सुनेने मोडता घातला असं होईल. मी बोलले की वन्संना वाटेल, त्या नकोशा झाल्या. ज्यांनी बोलायचं ते ‘बघू’ म्हणून मोकळे झालेत.”

बाहेरून ऋषभचा आवाज आला. “बाबा, मिळतायत. त्याच गाडीत, तुमच्याच बोगीत. बुक करूँ?”

विनीताने नळ बंद केला. कशासाठी केला हे तिला सांगता आलं नसतं. आता काय ऐकू येणार ते तिला ठाऊक होतं.

“नको,” उल्हासराव म्हणाले.

ती ओल्या हातांनी दाराशी आली. उल्हासराव अजून उभेच होते, डबा हातातच.

“नको मतलब? एसी आहे, बाबा. खालचा बर्थपण आहे आत्यासाठी.”

“असू दे.”

उल्हासरावांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलंच नव्हतं असं नाही. पण ते नेहमी रेल्वेच्या तोंडून म्हणत. गाडी भरलीय, कोटा संपलाय, त्या मार्गावर दुरुस्तीचं काम निघालंय. आज बर्थ समोर फोनवर दिसत होते आणि रेल्वे त्यांच्या मदतीला येत नव्हती.

“का रे उल्हास?” लीलावतींनी विचारलं. आवाज मऊ होता, पण शाळेतला होता. “मी काय तुझ्या डोक्यावर बसून येणार आहे?”

“तसं नाही ताई. तू आलीस की मी तुझ्याशी बोलतो. ऋषभ आला की ऋषभशी. अनघा आली की ती बोलते आणि मी ऐकतो.” त्यांनी डबा अखेर टेबलावर ठेवला. “मला हिच्याशी बोलायचंय.”

“मग बोल की. ती काय परदेशात राहते?”

“इथे मी हिला काही विचारलं की उत्तर तुम्ही कुणीतरी देता.”

यावर उत्तर द्यायला तीन तोंडं उघडली आणि तिन्ही मिटली. अनघाला हसू आवरेना. तिने उशी तोंडाशी धरली. ऋषभ मात्र दुखावला.

“मतलब हम लोग डिस्टर्ब करतो?”

“हो,” उल्हासराव म्हणाले, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पुढे म्हणाले, “छान करता. वर्षभर करा. तेवढे दिवस सोडून.”

“इतक्या वर्षांत बोलायचं काय राहिलंय रे तुमचं?” लीलावतींनी विचारलं. या वेळी त्यात चिडवणं होतं.

“ते तिथे गेल्यावर कळेल. मलाही माहीत नाही.”

गरिमाने मागून विनीताचा दंड धरला. विनीताने वळून पाहिलं नाही. स्वयंपाकघरातलं बोलणं बाहेर ऐकू येत नसे, कूलर लावल्यावर तर नाहीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लीलावतींनी तिच्याकडे रोखून बघितलं. “तू पढवलंस याला?”

“नाही वन्सं. मला वाटलं होतं, हे ‘जमेल’ म्हणतील.”

“म्हणणारच होतो,” उल्हासराव प्रामाणिकपणे म्हणाले. “तेवढ्यात ही आत गेली.”

लीलावतींनी वर्तमानपत्राची घडी केली. घडी त्या नेहमी चारही कोपरे जुळवून करत, त्यामुळे वेळ लागला.

“ऋषभ, ठेव तो फोन,” त्या म्हणाल्या. “सिंहाचलम आपण डिसेंबरात करू. थंडीत मला चढवतं. आणि तेव्हा उल्हास, तुम्ही दोघं येऊ नका. मला गरिमाशी बोलायचंय.”

“हमसे, बुआ जी?” गरिमा दचकून म्हणाली.

“तुमसे. हिंदीत कुठले कुठले शब्द माझे चुकतात ते मला सगळे हवेत. अजून कोणाकोणाला मी काय काय सांगून बसलेय देव जाणे.”

त्यावर ऋषभही हसला, पण फोन खिशात टाकताना त्याने बापाकडे एकदा नव्याने बघावं तसं बघितलं. “यार बाबा,” एवढंच तो म्हणाला. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि चहाची पातेली कुठे असते असं त्याने तिथून ओरडून विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. गरिमा निघाली होती. लीलावतींनी तिला हाताने थांबवलं. पातेली त्याला सापडली असावी, कारण नंतर भांडी पडल्याचा आवाज आला.

चहा पाणचट झाला होता. तो सगळ्यांनी प्यायला.

अनघा निघाली तेव्हा अंधार पडला होता. स्कूटी सुरू करताना ती आईच्या कानाशी म्हणाली, “रोज फोन नाही करणार मी. तूपण नको करूस.” आणि मग, न राहवून, “पोचल्याचा तेवढा कर.” ती कोपऱ्यावर वळेपर्यंत विनीता आणि उल्हासराव फाटकाशी उभे राहिले. आत ऋषभ आणि गरिमा भांडी कुणी घासायची यावर हिंदीत वाद घालत होते. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

दोघंही बोलेनात. विनीताला वाटलं, झालं सुरू. मग उल्हासरावांना काहीतरी आठवलं.

“अगं, आज त्या मीटिंगमध्ये ना, आमचे ते हरिहर—”

“थांबा,” विनीता म्हणाली.

“का? काय झालं?”

“तिकडे सांगा.”

“अगं, साधीच गोष्ट आहे. दोन मिनिटांची.”

“दोन मिनिटांची असली तरी. इथे संपवू नका.”

उल्हासरावांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि फाटकाला कडी घालता घालता ते ती गोष्ट विसरू नये म्हणून मनाशी पुटपुटत राहिले.